पुढे बकेट, मागे ड्रम

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ७.१०

आजची तारीख इतिहासात जावी अशी आहे. झाशीच्या प्रेम नगरात राहणाऱ्या, एकोणतीस वर्षं रेल्वेच्या स्टोअर्समध्ये इमानदारीने नोकरी करणाऱ्या एका माणसाला आज स्वतःच्या घरात बिनआल्याचा चहा देण्यात आला. बरुआसागरला या माणसाचं दोन एकर शेत आहे. त्या शेतात हा माणूस आलं पिकवतो. तरी कपात आलं नाही. बायकोकडे, कमलिनीकडे, खुलासा मागितला. ती म्हणाली, घरात आलं आहे ते पोत्यात, आणि पोत्यातलं सगळं बियाणं आहे. मेअखेर ते जमिनीत गेलं पाहिजे, तुमच्या घशात नव्हे.

उत्तर बरोबर होतं. त्यामुळे राग दुप्पट आला.

संकल्प: यंदाची लावणी वेळेआधी आणि आधुनिक पद्धतीने.

ही वही खाजगी आहे. कोणी चोरून वाचून मन दुखवून घेतल्यास जबाबदारी वाचणाऱ्याची.

६ एप्रिल, रविवार

बरुआसागर. बसला उशीर, उन्हाला घाई. शेणखताचा ढीग बांधाशी तयार आहे, माझ्यापेक्षा उंच. हा ढीग शेतात पसरायचं काम दरवर्षी शेजारचे खुमान कक्का आणि काकी करतात, तसल्याने. (गोविंदराव सांगतात, घमेलं म्हणा. गोविंदराव म्हणजे कमलिनीचे थोरले बंधू. भुसावळहून बदलीवर आले, तेव्हापासून मराठी भाषा त्यांच्या नावावर आहे. आम्ही इथे अडीचशे वर्षं राहतोय. आम्ही तसलाच म्हणू.) बदल्यात माझा ट्रॅक्टर कक्कांचं शेत नांगरून देतो. पैशाची भानगड नाही. माझा ट्रॅक्टर त्यांच्याकडे, त्यांचे हात माझ्याकडे. माझं शेत मार्चमध्येच नांगरून झालं. साहजिक आहे, ट्रॅक्टर माझा आहे. त्यांचं राहिलंय.

कक्कांना म्हटलं, उद्यापासून खत टाकायला घ्या. म्हणाले, भाऊसाहब, भांजी को ब्याव है, दस-बारा दिन बाद. मी म्हटलं, शेती थांबत नसते. म्हणाले, गोबर कहाँ भगो जा रओ.

म्हणजे माझ्या शेतीचं वेळापत्रक यांच्या भाचीच्या नवऱ्याने ठरवायचं.

परतीच्या बसमध्ये निर्णय झाला. दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून राहणं बंद.

७ एप्रिल

मोबाइलवर हरियाणातल्या एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. ट्रॅक्टरच्या नाकापुढे दोन लोखंडी हात, त्यांच्या टोकाला सुपासारखी मोठी बकेट. दांडा ओढला की बकेट वर. याला फ्रंट-एंड लोडर म्हणतात. त्याने एका हाताने मोबाइल धरून दुसऱ्या हाताने अख्खा ढीग हलवला. त्याच्या ट्रॅक्टरची चारही चाकं ओढतात. माझ्या छोट्या ट्रॅक्टरची फक्त मागची दोन. किरकोळ फरक आहे.

दुपारी ऑफिसात इंडेंट फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर ड्रॉइंग काढलं. बाजूने फार देखणा दिसतो. संध्याकाळी ईशानीला दाखवलं. या मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. म्हणाली, बाबा, हाथी बहुत अच्छा बना है.

खर्चाचा विषय या वहीत निघणार नाही.

१३ एप्रिल, रविवार

बरुआसागरच्या किल्ल्याच्या रस्त्यावर एक वेल्डिंगवाला मिस्त्री आहे. ट्रॅक्टर त्याच्याकडे नेला. डॉक्टरसारखा भोवती फिरला, पुढच्या चाकाला पायाने दाबलं, आणि तोंड वाकडं केलं. म्हणे, बाबूजी, आगे का धुरा कमजोर है, बेचारा इंजन ही मुश्किल से उठाए है. (धुरा म्हणजे पुढच्या दोन चाकांमधला आस.) पुढे म्हणे, बकेट भरली की सगळा भार पुढे जाणार, मागची चाकं हलकी होणार, आणि ओढतात तर तीच. लावायचाच असेल तर मागे लिफ्टला, म्हणजे अवजारं उचलणाऱ्या दांड्यांना, पाच क्विंटल वजन लटकवा.

मी शांतपणे समजावलं की मी वजन उचलायला यंत्र बनवतोय, वजन पाळायला नाही. रेल्वेत साठ-साठ टनांच्या वॅगन धावतात, त्यांच्या मागे कोणी काही लटकवत नाही. म्हणाला, वैगन कुछ उठाती नहीं है बाबूजी, खुद लदती है.

उद्धट. पण वेल्डिंग चांगलं करतो.

मी पद्धतीचा माणूस असल्यामुळे तिथेच संयुक्त पाहणीचं टिपण तयार केलं, तीन प्रती. त्याचे आक्षेप लिहिले, प्रत्येकापुढे माझा शेरा लिहिला, सह्या झाल्या. त्याची प्रत मी निघेपर्यंत समोशाखाली गेली होती.

२४ एप्रिल

रजा घेतली. लोडर बसला. पिवळा रंग, बकेटवर माझ्या हाताने श्री काढलं. लोडरच्या हातांना ताकद ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकची. बकेट वर जायला वेळ लागतो, तेवढ्यात एक चहा होतो. घाई कसली आहे.

एक किरकोळ बाब. आडवी पट्टी बॉनेटवरून गेल्यामुळे बॉनेट आता उघडत नाही. मिस्त्री विचारत होता, रेडिएटरमध्ये पाणी कसं बघणार. मी म्हटलं, चांगल्या यंत्राला सारखं उघडायचं नसतं.

कक्का लग्नाहून परत आले. लोडरभोवती एक फेरी मारली. म्हणाले, खाद कल से डाल दें? मी सांगितलं, आता तुम्हा दोघांना तो त्रास नाही. मग त्यांनी स्वतःच्या नांगरणीचं विचारलं, हमाओ खेत कबे जुतहै. म्हटलं, अक्षय तृतीया होऊ दे. म्हणाले, हओ.

कक्का सगळ्याला हओ म्हणतात. त्यातून होकार कळतो, मत कळत नाही. ही लबाडी आहे.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

आमच्या घराण्यात नवं वाहन झाशीच्या लक्ष्मी तालावर महालक्ष्मीच्या देवळात नेऊन पुजायची रीत आहे. लोडर तिथवर जाणार नाही म्हणून कुंकू आणि नारळ तिथून आणला. गोविंदराव पांढऱ्या सफारीत आले. कमलिनी, ईशानी, कक्का, काकी, आणि आमंत्रण नसलेली बरीच मंडळी. नारळ फुटला. मी बकेट ढिगात खुपसली आणि दांडा ओढला.

बकेट वर आली नाही. ट्रॅक्टरची मागची बाजू वर आली. सावकाश, दोन्ही मोठी चाकं हवेत वीतभर, आणि सीटवर मी. मी घाबरलो नाही. उलट तिथून बरुआसागरचा तलाव फार छान दिसत होता. दांडा सोडला तर ट्रॅक्टर असा आदळला की माझी टोपी बकेटमध्ये गेली.

तांत्रिक उपाय म्हणून गोविंदरावांना मागे लिफ्टवर उभं केलं. एकशे आठ किलो आहेत. या वेळी एकच चाक उठलं, म्हणजे पन्नास टक्के सुधारणा. पण गोविंदराव उतरले ते शेणखतात बसूनच. म्हणाले, देवेंद्र, याला मराठीत लोडर नाही, सी-सॉ म्हणतात. स्वतः इंग्रजी बोलून मला मराठी शिकवतात.

काकींनी पदर पुढे ओढला होता. पदर हलत होता.

१ मे

ईशानीने व्हिडिओ काढला होता. फॅमिली ग्रुपवर टाकला. भुसावळपर्यंत गेला. तिकडच्या एका मावशीने विचारलंय, परत एकदा उडवून दाखवता का.

संकल्प: ग्रुप सोडणे.

रात्रीच्या जेवणाआधी: सोडला नाही. कोण काय बोलतं ते कळलं पाहिजे.

४ मे, रविवार

मिस्त्रीने सिमेंट आणि दगड भरलेला ड्रम आणला आणि ट्रॅक्टरच्या मागे लिफ्टला बोल्टने आवळला. चार माणसं लागली. तोंडातून शब्द काढला नाही. त्याचं न बोलणंही उद्धट आहे.

आणि लोडर चालला. नोंद करतो, चालला. अकरा बकेट खत शेतात पोचलं. अर्धी बकेट वाटेत सांडते, कारण स्टिअरिंगला दोन हात लागतात आणि दांड्याला तिसरा. पुढचे टायर बसून गेल्यासारखे दिसतात, स्टिअरिंग फिरवताना बैल वळवतोय असं वाटतं. दोन्ही तळव्यांना फोड. पण अकरा.

कक्का बांधावर बिडी ओढत होते. म्हणाले, इत्तो तो हम दोई जनें दुपर तक कर लेत. मी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी आपल्या नांगरणीचं काढलं. इथे एक अडचण आहे, ती माझी चूक नाही. नांगरायचा कल्टिव्हेटर ट्रॅक्टरला मागे लिफ्टवरच लागतो. तिथे आता ड्रम आहे. ड्रम काढला तर लोडर निकामी, ड्रम ठेवला तर नांगरणी बंद. मी कार्यक्रम समजावला, आधी माझं खत, मग ड्रम उतरवून तुमची नांगरणी. कक्का म्हणाले, भाऊसाहब, पहलें जोत देओ. खाद हम डार देहें, जैसे हर साल डारत.

जैसे हर साल. म्हणजे लोडर लावल्याचा काही उपयोगच नाही, असं हा माणूस माझ्या तोंडावर, माझ्याच बांधावर बसून सांगतो. आता लोडरनेच होणार. ढीग संपेपर्यंत ड्रम हलणार नाही.

११ मे, रविवार

चव्वेचाळीस डिग्री. स्टिअरिंग गमछ्याने धरलं. सात बकेट. इंजिन तापलं. बॉनेट उघडत नाही, म्हणून फटीतून पाइप घालून पाणी मारलं. वाफ माझ्या चष्म्यावर.

कक्का चौथ्यांदा आले. त्यांच्या बियाण्याला कोंब फुटलेत. जमीन तापून दगड झालीय. गावातले बाकीचे ट्रॅक्टर जूनपर्यंत दुसऱ्यांकडे लागलेत, कारण कक्कांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, आपलं भाऊसाहबांकडे ठरलेलं आहे. व्यवहारात माणसाने इतकं निष्काळजी असू नये. तरी मी मोठं मन केलं. म्हटलं, येत्या रविवारी दुपारपर्यंत माझं संपवतो, तुमच्या शेतात लोडरने एक बकेट खतही आणून टाकतो, नमुना म्हणून, आणि संध्याकाळी नांगरणी.

त्यांनी ड्रमकडे पाहिलं, मग आपल्या शेताकडे. हओ.

घरी कमलिनी म्हणाली, तो ड्रम उद्याच उतरवा. मी म्हटलं, तुला इंजिनिअरिंग कळत नाही. ती म्हणाली, मला कक्का कळतात. शेजाराच्या चौदा वर्षांत त्यांनी एक गोष्ट चार वेळा कधी मागितलेली नाही.

बायका मोजतात फार.

१८ मे, रविवार. दुपारी ३

नीट लिहितो, म्हणजे नंतर कोणी वेगळं सांगायला नको.

दुपारी माझा ढीग अर्धाही झाला नव्हता. पण शब्द दिला होता, म्हणून आधी नमुन्याची बकेट कक्कांच्या शेतात न्यायची ठरवली. मिस्त्रीची सूचना होती की भरलेली बकेट नेताना जमिनीलगत ठेवा. पण जमिनीलगत ठेवली तर बांध कसा ओलांडणार. म्हणून पूर्ण वर घेतली. समोर पिवळ्या पत्र्याशिवाय काही दिसत नव्हतं. पुढचं डावं चाक बांधावरून उतरलं, काडकन आवाज झाला, आणि ट्रॅक्टर डाव्या गुडघ्यावर बसला. कक्कांच्या शेतासमोर, हात जोडायला बसावं तसा. चाक ताटासारखं आडवं. बकेट पुढे कलंडली आणि सगळं खत बरोबर कक्कांच्या हद्दीत पडलं.

म्हणजे नमुना पोचला.

कुणाला लागलं नाही. कक्का धावत आले, आधी मला उतरवलं, बांधावर बसवलं, लोट्यातून पाणी दिलं. ट्रॅक्टरकडे नंतर पाहिलं. या वेळी हओ नाही.

चूक कोणाची: बांधाची. बांध नियमापेक्षा उंच आहे.

१९ मे

मिस्त्रीला बोलावून दुसरं संयुक्त टिपण करायला घेतलं. त्याने खिशातून पहिल्याची त्याची प्रत काढली, समोशाच्या तेलासकट, आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. पुढचा धुरा कमजोर, बोजा पेलणार नाही, असं तिथे लिहिलं होतं. पुढे शेरा होता: नोंद घेतली, चिंता अनावश्यक. अक्षर माझं.

दुसरं टिपण तहकूब.

पुढचा धुरा डावीकडे पिळला गेलाय. या जुन्या मॉडेलचा झाशीत मिळत नाही, बाहेरून मागवायचा, तीन आठवडे. म्हणजे जून. मिस्त्री गॅसने लोडर कापून काढणार आहे. मी म्हटलं, काळजीपूर्वक काप, पुन्हा बसवायचाय. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

२२ मे

संध्याकाळपर्यंत फोन. ट्रॅक्टरवाले सगळे. एक म्हणाला, दस जून. एक म्हणाला, आपके पास तो लोडर वाला है ना भाऊसाहब, पूरे बरुआसागर में चर्चा है. मी म्हटलं, ओव्हरहॉलिंगला आहे.

हे फोन मी स्वतःसाठी करत होतो. कक्कांसाठी वगैरे नाही. माझं खत अजून अर्धं पडलंय, बियाणं वाळतंय, त्याचा विचार कोण करणार.

२५ मे, रविवार

शेतावर गेलो आणि जागच्या जागी थांबलो. माझ्या शेतात ढीग नाही. खत पसरलेलं, वाफे काढलेले, वाफ्यांवर पाला पसरलेला. म्हणजे आलं लावूनही झालं. बियाण्याचं पोतं कमलिनीने बुधवारी परस्पर बसने पाठवलं होतं, आणि कक्का-काकींनी चार दिवसांत सगळं उरकलं. मला विचारायची कुणालाही गरज वाटली नाही. माझं शेत, माझं बियाणं, माझं खत, आणि परवानगीचा पत्ता नाही.

संतापून कक्कांकडे गेलो. ते आणि काकी त्यांच्या शेतात होते. दोघांच्या हातात कुदळी. जमीन खोदत होते, एकेक पट्टी. चौथा हिस्साही झाला नव्हता. बाजूला ओल्या पोत्याखाली त्यांचं बियाणं. निम्मं सुरकुतलेलं.

मी विचारलं, आधी स्वतःचं का नाही केलंत. कक्का म्हणाले, तुमाए खेत की जमीन तो जुती धरी ती भाऊसाहब. बीज सूख जातो.

मग मी त्यांना वेळेवर नियोजन करण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. अर्धा तास तरी बोललो असेन. कक्का ऐकत होते, कुदळ चालू. काकी माझ्याशी कधी थेट बोलत नाहीत, पदराआडून कक्कांकरवी बोलतात. आज पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, भाऊसाहब, तनक सरक जाओ, इतईं खोदने है.

सरकलो.

१ जून, रविवार

शेतावर गेलो नाही. गुडघा दुखतो.

ऊनही फार आहे.

गोविंदराव आले होते. लोडरबद्दल काही बोलले नाहीत. कमलिनीने सांगून ठेवलं असणार. ते बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं. पूर्ण दुपार फुकट गेली.

कमलिनीकडून कळलं, काकींची नजर अधू होत चाललीय, मंगळवारी कक्का त्यांना डोळे दाखवायला झाशीला आणणार आहेत. दिवसभर शेतावर कोणी नसेल. मी म्हटलं, मला का सांगतेस.

३ जून, मंगळवार

रजेच्या अर्जात कारण: घरगुती काम.

पहिल्या बसने गेलो. कक्कांच्या खोपटात कुदळी भिंतीला टेकून होत्या. लहानातली घेतली.

एकच पट्टी राहिली होती, बांधालगतची. त्यांनी बाकी सगळं हाताने खोदून लावून टाकलंय, जेवढं बियाणं जगलं तेवढं. या पट्टीला ट्रॅक्टरला दहा मिनिटं लागली असती. पहिल्या तासात मी चार हात खोदलं, त्यातलं एक हात माझ्या बुटावर. मग बूट काढले. मग टोपी. दहा वाजता सावलीत बसलो आणि घरी जावं का याचा विचार केला. बराच केला. जमीन खरोखर दगडासारखी आहे. कक्का सांगत होते तेव्हा मला वाटलं, माणूस वाढवून बोलतो.

दुपारी दोनला पट्टी संपली. सरळ नाही. नांगरणी म्हणता येणार नाही.

माझ्या बकेटमधून पडलेलं खत तिथेच पडून होतं, वाळून वर पापुद्रा आलेला. ते तसल्याने उचलून पट्टीवर पसरलं. किती तसले झाले ते मोजलं नाही. पोत्याखाली थोडं बियाणं शिल्लक होतं, पण त्याला हात लावला नाही. ते त्यांनी लावावं. माझ्या हाताचं काही सांगता येत नाही.

कुदळीचं पातं गवताने पुसलं. ती जिथे होती तिथे, तशीच टेकवली. तसला पालथा घातला.

चार वीसची बस. कक्का आणि काकी समोरून येणाऱ्या बसमधून उतरत होते. काकींच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी, तपासताना औषध घातलं असणार, कक्कांनी हात धरलेला. मी पेपर तोंडापुढे धरला. कालचा होता.

सीट रिकामी होती. कंबर वाकत नव्हती, म्हणून झाशीपर्यंत उभ्याने आलो.